धुक्यातून जाणारं इंटरनेट आणि माझ्या दिराचे आठ लाख

माझा धाकटा दीर कुवेतला एकोणीस वर्षं होता. मागच्या वर्षी तो हिशेब घेऊन कायमचा परत आला. आमच्याकडे 'हिशेब घेतला' म्हटलं की पुढचं विचारावं लागत नाही. नोकरी संपली, कंपनीने देणं चुकतं केलं आणि माणूस घरी आला. घराची डागडुजी, मुलीचं लग्न आणि उधाऱ्या उरकल्यावर त्याच्याकडे आठ लाख उरले. पोलादपूरला त्याचं घर आहे, मी महाडला असते. जमादिलावलच्या एका दुपारी शाळा सुटता सुटता त्याचा व्हॉट्सॲप आला. चौदा पानांची इंग्रजी पीडीएफ आणि खाली एक ओळ : "भाबी, वाचून सांगा, टाकू का पैसे?"

घरात कागद वाचण्याचं काम माझ्याकडे असतं. उर्दू-मराठी शिकवणारी बाई इंग्रजी कागदाचं काय सांगणार, असं मी दरवेळी म्हणते, तरी बँकेचा, तहसीलचा, पासपोर्टचा कागद माझ्याकडेच येतो. हाही आला.

कंपनी मोठ्या शहरातली, छोटी. तिचं नाव मी इथे घेणार नाही. मला कुणाशी भांडायचं नाही, आणि नाव घेतलं की चर्चा त्या एका कंपनीपुरतीच होते. ती असं यंत्र बनवते म्हणे, की एका टॉवरवरून दुसऱ्या टॉवरवर प्रकाशाच्या किरणातून इंटरनेट जाईल. केबल नको, खणणं नको, खांब नको. शेअर अजून बाजारात आलेला नाही. आत्ता १६० रुपयांना मिळतोय, दोन वर्षांत आयपीओ येईल तेव्हा १,६०० होईल. आठ लाखांचे पाच हजार शेअर, म्हणजे ऐंशी लाख. शिवाय तोपर्यंत दरमहा अडीच टक्के 'नफा' खात्यात जमा, म्हणजे महिन्याला वीस हजार. दुसऱ्याच पानावर हिरव्या अक्षरात 'शरिया कम्प्लायंट'. पैसे गोळा करणारे गृहस्थ शेजारच्या तालुक्यातले, पाच वक्तांचे नमाजी, बोलायला गोड. जकातीचा दर अडीच टक्के, आपल्या नफ्याचाही अडीच, यात बरकत आहे, असं ते सगळ्यांना सांगत होते. हे ऐकल्यावर मी पीडीएफ पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतली.

पण आधी एक गोष्ट मान्य करते. दिराला हे पटलं ते केवळ हावेपोटी नाही. आमच्या भागात इंटरनेट ही दुखरी नस आहे, आणि दुखऱ्या नसेवर बोट ठेवलं की माणूस ऐकतो.

२२ जुलै २०२१ ज्यांनी महाडमध्ये काढला त्यांना सांगायची गरज नाही. सावित्रीचं पाणी बाजारपेठेत पहिल्या मजल्यापर्यंत चढलं. वीज गेली, मागोमाग मोबाइल गेले. त्याच संध्याकाळी तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. आम्ही महाडमध्ये असून आम्हाला ते कळलं नव्हतं. कुवेतमधून दीर रात्रभर फोन लावत होता, इथून एकही लागत नव्हता. गच्चीवर बसलेले आम्ही जिवंत आहोत की नाही हे त्याला दोन दिवस माहीत नव्हतं. त्याच्या आधीच्या वर्षी लॉकडाऊनमध्ये माझ्या वर्गातल्या बत्तीस मुलांपैकी नऊ जण ऑनलाइन यायचे. त्यातली दोघं टेकडीवर चढून, एक मुलगी आजोळच्या गच्चीवरून. असं ज्याने बघितलं आहे त्याला कुणी 'डोंगरातून, केबलशिवाय, वेगवान इंटरनेट' असं म्हटलं तर तो कान देणारच.

सरकारी योजना नाही असंही नाही. देशातल्या सगळ्या ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाली, पुढे २०१५ मध्ये तिचं नाव भारतनेट झालं. पण फायबर ग्रामपंचायतीच्या ऑफिसात येऊन थांबणं वेगळं आणि वरच्या वाडीतल्या पोरीच्या मोबाइलवर धडा उघडणं वेगळं. शिवाय आमच्या मुंबई-गोवा महामार्गाचं काम इतकी वर्षं चाललं आहे की जमिनीखालची केबल जेसीबीच्या दातात जाणं ही बातमीही राहिलेली नाही. तेव्हा 'जमीन खणायची गरजच नाही' हे वाक्य आमच्या कानाला फार गोड लागतं.

आता यंत्राबद्दल. पीडीएफमध्ये सगळ्यात खरी गोष्ट हीच होती, म्हणून तिच्यावर थोडं थांबते. प्रकाशाच्या किरणातून इंटरनेट नेता येतं. ही थाप नाही. गुगलच्या मूळ कंपनीत, अल्फाबेटमध्ये, सुरू झालेला 'तारा' नावाचा प्रकल्प नेमका हेच करतो. फुग्यांवरून इंटरनेट देण्याचा त्यांचाच 'लून' नावाचा उद्योग होता, तो जानेवारी २०२१ मध्ये बंद केला. त्यातलं किरणाचं तंत्र तारामध्ये पुढे आलं. २०१७ च्या शेवटी आंध्र सरकारबरोबर अशा दोन हजार जोडण्यांचा करार जाहीर झाला होता. २०२१ मध्ये आफ्रिकेत काँगो नदीच्या दोन तीरांवरच्या दोन राजधान्या, ब्राझाव्हिल आणि किन्शासा, त्यांनी किरणाने जोडल्या. नदी ओलांडायला काही किलोमीटर, पण केबल न्यायची तर चारशे किलोमीटरहून मोठा वळसा. अशा ठिकाणी हे तंत्र सोन्यासारखं आहे.

पण प्रकाशाला धुकं चालत नाही. धुक्याचे थेंब इतके बारीक आणि इतके दाट असतात की किरण त्यात विखरून जातो. पावसाच्या मोठ्या थेंबांपेक्षा धुकंच त्याला जास्त नडतं. तारावालेसुद्धा हे लपवत नाहीत. प्रत्येक हवामानात शंभर टक्के भरवसा मिळणार नाही, असं ते स्वतः सांगतात.

जुलैमध्ये पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला गेलेल्या कुणालाही विचारा. दिवसा चार वाजता गाडीचे दिवे लावून पुढच्या एसटीचा मागचा लाल दिवा शोधत चढावं लागतं. समोरची दरी नव्हे, समोरचा कठडा दिसत नाही. त्या घाटात आणि आजूबाजूच्या डोंगरात पावसाळ्याचे चार महिने ढग जमिनीवर उतरलेले असतात. म्हणजे ज्या महिन्यांत दरडी कोसळतात, रस्ते बंद होतात, निरोप पोचणं हा जिवाचा प्रश्न असतो, नेमके तेच महिने या यंत्राला सगळ्यात वाईट.

मी त्या गृहस्थांना फोन करून एकच प्रश्न विचारला. "जुलैमध्ये, कोकणात किंवा घाटावर, हे यंत्र चालवून बघितलं आहे का? किती दिवस चाललं, किती दिवस बंद पडलं?"

ते म्हणाले, "मॅडम, हे टेक्निकल आहे. ते इंजिनिअर लोकांवर सोडा."

मी म्हटलं, "मग पैसेही इंजिनिअर लोकांवर सोडते." यावर ते हसले. वाईट माणूस नाही तो. त्यालाही कुणीतरी अशीच पीडीएफ पाठवली असणार.

चाचणी म्हणजे काय, हे बघायला अमेरिकेत जायला नको. आपल्याच पालघर जिल्ह्यात आयआयटी मुंबईच्या प्राध्यापक अभय करंदीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'ग्राममार्ग' नावाचा प्रयोग केला. टीव्हीच्या प्रक्षेपणासाठी राखलेल्या लहरींचा बराच पट्टा आपल्याकडे रिकामा पडून असतो. त्या लहरी लांब जातात, झाडीतून पार होतात. त्यांच्यावरून त्यांनी पालघरमधल्या गावांपर्यंत इंटरनेट नेलं. प्रयोगशाळेच्या गच्चीवर नव्हे, गावात, पावसात, आंब्या-फणसांतून. २०१७ मध्ये मोझिला संस्थेच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत या कामाला पहिलं बक्षीस मिळालं. कोकणासाठी मला तरी किरणापेक्षा हे तंत्र जास्त जवळचं वाटतं.

आणि तरीही त्या तंत्राने कुणी गुंतवणूकदार लखपती झाला नाही. कारण लहरी सरकारच्या मालकीच्या. चाचणीपुरते परवाने मिळाले, पण तो पट्टा सर्वांना वापरायला खुला झाला नाही. यंत्र चांगलं, गरज खरी, माणसं प्रामाणिक, आणि तरी धंदा उभा राहत नाही. असं होऊ शकतं, हे आपल्याकडे गुंतवणूक सांगणारे लोक कधी सांगत नाहीत. त्यांच्या बोलण्यात यंत्र चांगलं म्हणजे शेअर चांगला. या दोन गोष्टींमध्ये अख्खा सह्याद्री उभा आहे.

दिराचं म्हणणं होतं, "भाबी, टाटाने घेतली ती कंपनीही छोटीच होती ना?" हा मुद्दा पीडीएफमध्ये नव्हता, त्याला त्याच्या ग्रुपवर मिळाला होता. पण बरोबर होता, म्हणून मी तेजस नेटवर्क्सची गोष्ट नीट काढली.

तेजस बेंगळुरूत २००० साली सुरू झाली. वेगवान इंटरनेट फायबरमधून पुढे ढकलणारी यंत्रं ती बनवते. सुरुवातीचा मोठा आधार हुबळीच्या गुरुराज देशपांडे यांचा. देशपांडे यांनी अमेरिकेत सिकॅमोर नेटवर्क्स नावाची कंपनी काढली होती. ऑक्टोबर १९९९ मध्ये तिचा शेअर बाजारात आला तेव्हा पहिल्याच दिवशी तो कुठल्या कुठे गेला. पुढच्या दोन-तीन वर्षांत टेलिकॉमचा फुगा फुटला आणि २०१३ मध्ये ती कंपनी गुंडाळण्याचं ठरलं. एकाच माणसाचा हात लागलेल्या दोन कंपन्या, एक बुडाली आणि एक टिकली. आता टिकलेलीचा हिशेब बघा.

तेजसला शेअर बाजारात यायला सतरा वर्षं लागली. जून २०१७ मध्ये २५७ रुपयांना आयपीओ आला. तिची यंत्रं चांगली होती, भारतनेटचं मोठं काम तिच्याकडे होतं. पण पैसे यायचे होते बीएसएनएलकडून, आणि ते अडकले. कंपनी तोट्यात गेली. मार्च २०२० मध्ये, कोविडच्या धक्क्यात, शेअर चाळीस रुपयांच्याही खाली गेला. म्हणजे आयपीओत आठ लाख टाकणाऱ्याकडे सव्वा लाखही उरले नव्हते. जुलै २०२१ मध्ये, म्हणजे आम्ही महाडात घराघरातून चिखल उपसत होतो त्याच आठवड्यात, टाटांनी ही कंपनी घेत असल्याचं जाहीर केलं. शेअरचा भाव ठरला २५८ रुपये. चार वर्षं थांबून एक रुपया वाढला! ऑगस्ट २०२३ मध्ये बीएसएनएलच्या फोर-जी जाळ्यासाठी टीसीएसकडून ७,४९२ कोटींचं काम मिळालं. जून २०२४ मध्ये भाव १,४०० च्या वर गेला. २०२५ मध्ये तो परत ६०० च्या खाली आला.

ही यशाची गोष्ट आहे, हे ध्यानात घ्या. टाटांसारखा मालक मिळाला, सरकारी काम मिळालं, कंपनी जिवंत आहे. त्या गोष्टीतही ज्याला २०२० मध्ये मुलीचं लग्न काढायचं होतं, तो बुडाला. भाव कितीही वर गेला तरी तुमची गरज कुठल्या साली येते यावर सगळं अवलंबून. आणि हे सगळं भाव रोज पेपरात छापून येणाऱ्या, सेबीच्या नजरेखालच्या कंपनीत. आमच्या पीडीएफवाल्या शेअरला तर विकायला बाजारच नाही. उद्या पाच हजार शेअर घेऊन दीर कुठे जाणार? त्याच गृहस्थांकडे.

आता हिरव्या अक्षरांकडे येते. इथे मला आपल्या लोकांशी बोलायचं आहे. इतर वाचकांनी ऐकायला हरकत नाही, त्यांच्याकडेही वेगळ्या रंगाची अक्षरं असतातच.

एखादी इंटरनेटची यंत्रं बनवणारी कंपनी हलाल आहे का, असं आलिमांना विचारलं तर ते हो म्हणतील, आणि बरोबर म्हणतील. धंदा दारूचा नाही, जुगाराचा नाही. पण आपण विचारलेला प्रश्न अर्धाच असतो. व्यवहार कसा आहे हे आपण सांगत नाही. एकाचं भांडवल आणि दुसऱ्याची मेहनत, याला मुदारबा म्हणतात. त्यात नफ्याचा वाटा आधी ठरवता येतो, निम्मा, एक तृतीयांश, काहीही. रक्कम ठरवता येत नाही. आणि तोटा झाला तर तो भांडवलवाल्याचा, मेहनत करणाऱ्याची मेहनत वाया. हे मदरशात जाणाऱ्या पोरालाही माहीत असतं. मग जी कंपनी अजून यंत्र विकत नाही, ती दरमहा अडीच टक्के नफा कुठून देणार? ठरलेल्या भांडवलावर ठरलेली रक्कम ठरलेल्या तारखेला, याला आपल्याकडे एकच शब्द आहे, आणि तो टाळण्यासाठीच तर आपण बँकेच्या एफडीपासून लांब पळालो होतो.

हे माझं नवं ज्ञान नाही. बेंगळुरूच्या आयएमएमध्ये हेच झालं. 'हलाल नफा' म्हणून हजारो घरांनी पैसे दिले, बायकांनी दागिने दिले. जून २०१९ मध्ये मालक मन्सूर खान देश सोडून गेला, जुलैमध्ये परतल्यावर दिल्ली विमानतळावर पकडला गेला. त्याच्या आदल्या वर्षी हैदराबादच्या हीरा ग्रुपच्या नौहेरा शेख यांना अटक झाली होती. दोन्हीकडे मालक दाढी-हिजाबवाले, कार्यालयात कुरआनच्या आयतींच्या चौकटी. आपण व्याज आहे का हे विचारलं, ताळेबंद आहे का हे विचारलं नाही. ज्याने ताळेबंद विचारला त्याला 'शक करनेवाला' ठरवलं. मला विचाराल तर कुरआनमधली सगळ्यात लांब आयत कुठली आणि ती कशाबद्दल आहे, हे प्रत्येक जमातीत वर्षातून एकदा समजावून सांगावं. ती सूरह बकराची २८२ वी आयत. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवा, लिहिणारा न्यायाने लिहो, दोन साक्षीदार घ्या, रक्कम लहान असो की मोठी, लिहायचा कंटाळा करू नका, असं ती बजावते. नमाजाबद्दलची नाही, रोजाबद्दलची नाही, सगळ्यात लांब आयत कागदपत्रांबद्दलची आहे. आणि आपल्याकडे 'भाई, जबान दी है' यावर लाखो रुपये फिरतात.

आम्ही मग कागद काढले. यात काही हुशारी नाही, कुणीही करू शकतं म्हणून सांगते. केंद्र सरकारच्या कंपनी कारभार मंत्रालयाच्या वेबसाइटवर शंभर रुपये भरले की कुठल्याही कंपनीने दाखल केलेले कागद बघता येतात. माझा मुलगा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, तो शेजारी बसला. कंपनी खरी होती. यंत्राचा एक पेटंट अर्ज होता. 'पेटंटेड' असं पीडीएफमध्ये लिहिलं होतं, पण पेटंट ऑफिसच्या साइटवर तो अर्ज नुसता प्रसिद्ध झालेला दिसला, मंजूर झालेला नाही. अर्ज कुणीही करू शकतं.

नावापुढे 'लिमिटेड' होतं, 'प्रायव्हेट लिमिटेड' नव्हे. अशा कंपन्यांना, बाजारात नसल्या तरी, २ ऑक्टोबर २०१८ पासून नवे शेअर डीमॅटमध्येच द्यावे लागतात. आमचे गृहस्थ कुरिअरने छापील सर्टिफिकेट पाठवणार होते. ते अभिमानाने सांगत होते की यंदा अकराशे भावांनी पैसे लावले आहेत. कायद्याप्रमाणे अशा खासगी पद्धतीने एका आर्थिक वर्षात दोनशेपेक्षा जास्त लोकांना शेअर देऊ करता येत नाहीत. त्यापुढे जायचं तर सेबीकडे जा, माहितीपत्रक काढा, सगळं उघड सांगा. आकडा ऐकून दिराला धीर आला होता. मला तो ऐकूनच घाम फुटला.

आणि मग ताळेबंद. मुलाने दोनदा बेरीज केली. कंपनीच्या वर्षाच्या उत्पन्नात दर शंभर रुपयांतले जवळपास ऐंशी रुपये 'इतर उत्पन्न' होतं. पुढच्या पानावरच्या टिपेत त्याचा खुलासा होता : बँकेतल्या मुदत ठेवींवरचं व्याज. लोकांकडून शेअरचे पैसे घेतले, ते एफडीत ठेवले, त्याच्या व्याजावर कंपनीचा गाडा चालला आहे. आपल्याकडचे जाणकार एखाद्या कंपनीचा शेअर घ्यायचा की नाही हे ठरवताना तिचं व्याजाचं उत्पन्न एकूण उत्पन्नाच्या पाच टक्क्यांपेक्षा कमी आहे का, कर्ज एका मर्यादेत आहे का, असं बघतात. शेअर बाजारात तर या कसोट्या लावून केलेले निर्देशांकही आहेत. इथे पाच नव्हे, ऐंशी. हिरव्या अक्षरांखाली.

हे दिराला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "भाबी, म्हणजे सरळ सोनं घेऊन टाकू?"

इथे माझं मत आपल्या बऱ्याच लोकांना आवडणार नाही. मला हेही पटत नाही. दोन-चार ठिकाणी फसलो म्हणून सगळा समाज पुन्हा सोनं आणि बंगला यावर येऊन थांबला आहे. दासगावपासून पोलादपूरपर्यंत आखाती पैशाने बांधलेले, बारा महिने कुलूप असलेले किती बंगले आहेत ते मोजा. आतल्या भिंतींना बुरशी, बाहेर ग्रॅनाइट. घरात टाकलेला पैसा सुरक्षित असतो असं म्हणणाऱ्यांनी महाडमध्ये तरी असं म्हणू नये. २४ ऑगस्ट २०२० ला तारिक गार्डन कोसळली, सोळा माणसं गेली. ती इमारत जुनीही नव्हती. त्या लोकांनी आयुष्याची कमाई 'पक्क्या' ठिकाणीच टाकली होती ना? धंद्यात पैसा लावणं, जोखीम घेणं, तोटा सोसणं हे आपल्या दीनमध्ये वाईट मानलेलं नाही. खुद्द हजरत खदीजा (र.) यांच्या भांडवलावर आपल्या रसूलनी (स.) व्यापाराचा काफिला नेला होता. जोखीम वाईट नाही. ती कुणाची आहे, किती आहे, हे लपवणं वाईट.

म्हणून मी दिराला सांगितलं, शेअर बाजारात जायचं तर सेबीच्या नोंदीतल्या, शरियाच्या कसोट्या लावून चालणाऱ्या म्युच्युअल फंडात थोडे थोडे टाक. त्यातही भाव खाली जातो, पण निदान रोज दिसतो, आणि हवा तेव्हा विकता येतो. छोट्या, नव्या, बाजारात नसलेल्या कंपनीत टाकायचं तर तेवढंच टाक, जेवढं पूर्ण बुडालं तरी रात्री झोप लागेल. आठ लाखांत ती रक्कम किती, हे तूच ठरव. तो म्हणाला, शून्य. त्या उत्तरात चूक काहीच नाही. अठ्ठेचाळीसाव्या वर्षी परत आलेल्या, पेन्शन नसलेल्या माणसाचं ते बरोबर उत्तर आहे.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण तो गप्प बसणाऱ्यातला नाही. पोलादपूरला केबलचा धंदा करणारा एक मुलगा आहे, त्याच्या शाळेतल्या मित्राचा भाऊ. मराठा घरातला, मेहनती. मोठ्या कंपनीकडून तो फायबर घेतो आणि महावितरणच्या खांबांवरून घराघरात पोचवतो. डोंगराच्या अंगाच्या चार वाड्यांपर्यंत त्याला लाइन न्यायची आहे. फायबर, काचेचे धागे जोडायचं मशीन आणि डब्बे मिळून त्याला अडीच लाख कमी पडतात. बँक तारण मागते. दीर म्हणतो, मी भागीदार होतो. व्याज नाही, नफ्यात वाटा. म्हणजे मुशारका. तंत्रज्ञान यातलं काहीच नवं नाही, यंत्रं बाहेरून येतात. पण वेगवान इंटरनेटच्या छोट्या कंपनीत पैसे लावायचे हे त्याचं स्वप्न एका अर्थी पूर्ण होतंय, असं मी त्याला म्हटलं. तो हसला नाही.

ही गुंतवणूक सुरक्षित आहे असं मी म्हणत नाही. सप्टेंबर २०२३ पासून जिओचं एअरफायबर आलं आहे, तारेशिवाय, एक डबा भिंतीला लावला की झालं. नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्या राज्य सरकारने स्टारलिंकशी इरादापत्रावर सही केली. आधी गडचिरोली, नंदुरबार, वाशिम, धाराशिव म्हणतात, उद्या आमचे डोंगरही त्यात येतील. उपग्रह किंवा टॉवर त्या चार वाड्यांत पोचला, की या मुलाचे ग्राहक एका महिन्यात अर्धे होऊ शकतात. हे मी दोघांना समोर बसवून सांगितलं. मुलगा म्हणाला, "काकी, डबा बंद पडला तर त्यांचा माणूस पनवेलवरून येणार. मी वाडीत राहतो." हे काही कायमचं उत्तर नाही, पण उत्तर आहे, आणि तो जुलैत काय होतं ते जाणतो. २०२१ च्या पुरानंतर त्याने किती दिवसांत किती घरांची लाइन परत जोडली, याची वही त्याच्याकडे आहे. मी ती वाचली. अक्षर वाईट आहे, हिशेब बरोबर आहे.

करारनामा पाचशेच्या स्टॅम्पवर करायचा ठरला. मराठीत मी लिहिते आहे, साक्षीदार दोन, एक माझे सासरे आणि एक त्या मुलाची आई. नफ्याचं प्रमाण अर्ध्या तासात ठरलं. एका कलमावर मात्र दोन दिवस वाद चालू आहे. रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तोडली, तर जोडणीचा खर्च धंद्याचा धरायचा की मुलाच्या मेहनतीत मोजायचा? दीर म्हणतो धंद्याचा, मग तोट्यात माझाही हिस्सा आला, चालेल. मुलाची आई म्हणते, पोरगा रात्री दोन वाजता पावसात खांबावर चढतो, त्याचं काय? तिचं म्हणणं मला पटतंय. आज इशानंतर पुन्हा बसणार आहोत, ती रकाना-वहीही घेऊन येते म्हणाली आहे.